आक्का, काच आणि टेलरकाकांची तीन मांजरं

आक्का आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. हातात रिपोर्ट होता. त्यांच्या धाकट्या भावाचा रीळ नावाचा बोका किडका दात काढायला यायचा होता, म्हणून आदल्या दिवशी मी त्याचं रक्त तपासलं होतं.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मशीननं," मी म्हटलं.

"मशीन म्हणतं प्लेटलेट अठरा हजार. एवढ्याच असत्या तर त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं असतं. तो तर सकाळी कपाटावरून उडी मारून माझ्या चहात पडता पडता राहिला. काच आहे का याची?"

काच म्हणजे रक्ताचा थेंब पसरून रंगवलेली पट्टी. ती होती. आक्का मायक्रोस्कोपपाशी बसल्या, खुर्ची दोन बोटं पुढे ओढली, तेलाचा थेंब टाकला आणि मिनिटभरात बाजूला झाल्या. "बघा. सगळ्या एकमेकींना चिकटून बसल्यात. बाजारात बायका घोळक्यानं उभ्या असतात तशा. मशीन एका घोळक्याला एकच मोजतं."

मी पाहिलं. खरंच होतं ते. मांजराच्या रक्तात असं होतं हे मी शिकले होते, पण त्या दिवशी घाईत काच पाहायची राहिली होती. मी मान्य केलं, आणि मग विचारलं की तुम्ही काय करता.

आक्का एकतीस वर्षं माणसांच्या मोठ्या हॉस्पिटलात काचा पाहत होत्या आणि चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. प्रयोगशाळा तळघरात होती. वरून रक्त यायचं, खालून कागद वर जायचा. लोक डोळ्यांत तेल घालून काम करतात म्हणे; आक्का काचेवर तेल घालून करत. एकतीस वर्षांत त्यांच्या नजरेतून निसटलेली काच कुणाला आठवत नाही. निवृत्त झाल्यावर सकाळी दहा वाजले की आपल्या हातांचं काय करावं हे त्यांना समजेनासं झालं होतं.

"उद्यापासून येता का?" मी विचारलं.

"मी मांजराला हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून लावलेला नाही. केस आणि पंजे तुमचे, रक्त माझं."

असा आमचा करार झाला.

आक्कांचे हे भाऊ म्हणजे टेलरकाका; त्यांचं दुकान दवाखान्याच्या समोरच्या रांगेत. खाली दुकान आणि त्याच्या मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या: एक काकांची, एक आक्कांची. दोघंही एकटे. काकांचं लग्न झालं नाही. आक्कांचं झालं होतं, यजमान लवकर गेले आणि त्या भावाकडे राहायला आल्या त्या तिथल्याच झाल्या. काका अबोल. तोंडात टाचण्या धरून ठेवायची सवय असल्यामुळे बोलायची सवय गेली असं आक्का म्हणत. पण मांजरांशी मात्र ते दिवसभर बोलायचे. रीळ हा म्हातारा, पिवळा, जाडजूड. गुंडी ही काळी, गोल, वर्षाची. आणि त्या दोघांच्या मधला बॉबिन, राखाडी, तीन वर्षांचा, शिलाई मशीनच्या पायट्यावर, म्हणजे पाय मारायच्या फळीवर, झोपणारा. काका शिवत असताना पायटा खालीवर व्हायचा आणि त्यावर बॉबिनही खालीवर व्हायचा, तरी त्याची झोप मोडायची नाही. गिऱ्हाइकं कापड टाकायला येत ती निम्मी हे बघायला येत.

आक्का त्या तिघांना सांभाळून घेत, म्हणजे त्यांना वाट देत. जिन्यात मांजर बसलं असेल तर त्या ते उठेपर्यंत थांबायच्या.

दवाखान्यात मात्र त्यांनी मांजराचं रक्त दोन महिन्यांत पाठ केलं. लाल पेशी माणसापेक्षा लहान, प्लेटलेट मोठ्या. "कुत्र्याचं रक्त सरळ आहे," त्या मला सांगायच्या, "मांजराचं आतल्या गाठीचं." मी जनावर पाहून अंदाज करायचे, त्या काच पाहून. दोघींचं जुळलं की चहा त्या करायच्या. नाही जुळलं की मी.

वर्षभर हे छान चाललं. मग एका सकाळी टेलरकाका स्वतः दवाखान्यात आले, टोपलीवर ओढणी बांधून. टोपलीत बॉबिन होता.

"चार दिवस झाले, पायट्यावर बसत नाही," ते म्हणाले. "मला वाटलं उकाडा आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं मीही डोळे मिटून घेतले असतील."

बॉबिन मान पुढे काढून, कोपरं बाहेर फाकवून बसला होता. पोट भात्यासारखं हलत होतं. मी छातीला स्टेथोस्कोप लावला तर हृदयाचे ठोके भिंतीपलीकडून आल्यासारखे. छातीत पाणी भरलं होतं. मी बरगड्यांमधून बारीक सुई घातली आणि पाणी काढत गेले. चहाचे दोन कप भरतील एवढं निघालं, गढूळ, थोडं लालसर. शेवटी बॉबिननं एक मोठा श्वास घेतला आणि काकांच्या बाहीत डोकं घातलं.

त्यातलं थोडं पाणी मी नळीत घालून आतल्या खोलीत आक्कांकडे दिलं. कुणाचं आहे ते सांगितलं नाही. पण दार उघडंच होतं आणि भावाचा आवाज त्यांनी ओळखला होता.

त्या दिवशी त्यांना एरवीपेक्षा जास्त वेळ लागला. मी आत गेले तेव्हा त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या नव्हत्या. खिडकीकडे पाहत होत्या.

"तुम्ही बघा," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. मोठ्या मोठ्या निळ्या पेशी, एकाच साच्यातून काढल्यासारख्या, प्रत्येकीच्या पोटात दोन-तीन ठळक ठिपके. शोधावं लागत नव्हतं. दुसरं काही दिसतच नव्हतं.

"लिम्फोमा," मी म्हटलं.

"एकतीस वर्षांत शेकड्यांनी पाहिले. लिहायचं, सही करायची, वर पाठवायचं. वर कुणीतरी सांगायचं. कुणी सांगितलं, कसं सांगितलं, ऐकणाऱ्यानं काय केलं, मला कधी कळलं नाही." त्या उठल्या. "याला मी सांगते."

"मी सांगितलं तरी चालेल."

"नाही. तो माझ्याच तोंडाकडे बघत बसणार, तुम्ही बोलत असताना."

बाहेर येऊन त्या भावाच्या शेजारी बाकावर बसल्या. आडवळण घेतलं नाही.

"याच्या छातीत गाठ आहे. कॅन्सरची. पाणी त्यामुळे साठलं."

काकांनी बॉबिनच्या पाठीवरून हात फिरवणं थांबवलं नाही. म्हणाले, "आक्का, मला मापात सांग. गोल गोल नको."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. माप माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "काही केलं नाही तर काही दिवस, फार तर काही आठवडे. औषधं दिली तर काही महिने चांगले मिळू शकतात. पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. आधी एक तपासणी करू या."

ती तपासणी दहा मिनिटांची. रक्ताचे काही थेंब एका छोट्या पट्टीवर टाकायचे, ठिपका उमटला तर मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू अंगात आहे. बॉबिनचा ठिपका दहा मिनिटं थांबलाच नाही. तिसऱ्या मिनिटाला निळाभोर उमटला.

काकांना मी समजावलं. हा विषाणू मांजराच्या लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणं, एका भांड्यात खाणं, आईकडून पिलाला. अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि मग एखाद्या मांजरात रक्त बिघडवतो, एखाद्यात अशी गाठ करतो. बॉबिनला तो बहुधा पिलू असतानाच मिळाला होता.

"एका गिऱ्हाइकानं आणून दिला होता," काका म्हणाले. "पिशवीत. आई कोण, कुठली, काही माहीत नव्हतं. मी तसाच घरात घेतला. रीळच्या ताटात जेवायला बसवला." मग एकदम, "म्हणजे ती दोघं?"

दुसऱ्या दिवशी ती दोघंही आली. रीळच्या पट्टीवर काही उमटलं नाही. रीळ सहा वर्षांचा असताना बॉबिन घरात आला होता, आणि वाढलेलं मांजर या विषाणूला पुष्कळदा दाद देत नाही. गुंडीच्या पट्टीवर मात्र ठिपका आला. फिका, पाण्यात शाईचा थेंब पडावा तसा, पण आला.

"हिचं आताच पक्कं धरू नका," मी सांगितलं. "काही मांजरांचं अंग या विषाणूला कोपऱ्यात ढकलतं. दोन महिन्यांनी पुन्हा पाहू. तोवर तिघांना तीन ठिकाणी ठेवा."

घरात चार जागा होत्या आणि एक काकांच्या झोपायला लागत होती. बॉबिन दुकानात राहिला, पायट्याजवळ. गुंडी स्वयंपाकघरात. आणि रीळ, घरातलं एकमेव निरोगी मांजर, आक्कांच्या खोलीत.

"माझ्या?" आक्कांनी विचारलं.

"दुसरी कुठली आहे?" काका म्हणाले.

पहिला आठवडा आक्का खाटेच्या एका कडेला झोपल्या आणि रीळ मधोमध. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला सांगितलं की बोका घोरतो. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या की घोरत नसला की जाग येते.

पण शिस्त त्यांची. तळघरातली एकतीस वर्षं त्यांनी घरात आणली. प्रत्येक भांड्याला धागा बांधला: लाल बॉबिनचा, पिवळा गुंडीचा, निळा रीळचा. एका खोलीतून दुसरीत जाताना साबणानं हात. विषाणू अंगाबाहेर फार टिकत नाही, साबणापुढे तर नाहीच, हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग साबणानं धुवायलाच हवेत." काका एकदा न धुता जिन्यावर आले तर त्यांना खाली पाठवलं. साठीला टेकलेला माणूस शाळेतल्यासारखा परत मोरीवर गेला.

बॉबिनची औषधं सुरू झाली. दर आठवड्याला शिरेतून एक, रोज एक गोळी. बहुतेक मांजरं हे माणसांपेक्षा सोपं घेतात. केस गळत नाहीत, उलट्या क्वचित. बॉबिन एक दिवस मलूल राहायचा आणि दुसऱ्या दिवशी भांडं चाटूनपुसून ठेवायचा. औषध लघवीतून बाहेर पडतं म्हणून त्याची रेती हातमोजे घालून काढावी लागायची. ते काम आक्कांनी घेतलं. मांजराला हात न लावणारी बाई आता हातमोजे घालून मांजराची रेती उपसत होती. मी त्यावर काही बोलले नाही. आक्कांना चिडवायचं असेल तर आधी पळायची वाट पाहून ठेवावी लागते.

औषधं चालू झाली आणि गल्लीत कुजबुज सुटली. तिसऱ्या गल्लीतल्या निवृत्त हेडबाईंनी कुठूनतरी अर्धं ऐकलं आणि अर्धं स्वतःचं घातलं. टेलरच्या मांजराला कॅन्सरचा विषाणू आहे, तो दुकानात फिरतो, कापडाला लागतो, कापडातून अंगाला. पराचा कावळा व्हायला दोन दिवस पुरले. तीन गिऱ्हाइकं न शिवलेलं कापड परत घेऊन गेली. एकीनं शिवलेला ब्लाउज दोनदा उकळला आणि तो बाहुलीला बसेल एवढा झाला. काका कुणालाच काही म्हणाले नाहीत. तोंडात टाचण्या होत्याच.

आक्का मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. रविवारी सकाळी त्या माझ्याकडे आल्या आणि दवाखान्याचा जुना मायक्रोस्कोप मागून घेतला. तो कापड बेतायच्या टेबलावर ठेवला, बॉबिनची काच लावली, आणि स्वतः जाऊन हेडबाईंना घेऊन आल्या. कुतूहल म्हणून मीही गेले.

"बसा," आक्का म्हणाल्या. "डावा डोळा मिटा. काय दिसतं?"

हेडबाईंनी पाहिलं. "निळे गोळे."

"त्या बॉबिनच्या पेशी. बिघडलेल्या. विषाणू यातही दिसत नाही, तो याच्यापेक्षा खूपच लहान. पण काम त्याचंच."

"मग तो कापडावर—"

"थुंकी वाळली की तो मरतो. आणि जिवंत असला तरी माणसाला लागत नाही. कुत्र्यालासुद्धा नाही. त्याच्या किल्लीनं फक्त मांजराचं कुलूप उघडतं. लोकांनी वर्षानुवर्षं शोधलं, माणसात तो सापडलेला नाही. मी या घरात राहते, बाई. एकतीस वर्षं कॅन्सर पाहिलाय. मला धोका वाटला असता तर मी रोज याची रेती काढली असती का?"

हेडबाई पुन्हा मायक्रोस्कोपमध्ये डोकावल्या. शिक्षिका शेवटी, समोर काही शिकायला दिसलं की राग विसरायच्या. "म्हणजे विषाणूनं कॅन्सर होतो हे खरंच आहे."

"काही होतात. माणसाचेही होतात, पण माणसाचे विषाणू वेगळे. मुलींना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस देतात ती कशावरची? विषाणूवरचीच. मांजरांनाही यावर लस आहे."

हेडबाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. मग हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे दोन आहेत. रात्रभर बाहेर असतात. भांडून येतात."

"उद्या घेऊन या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही आली. तपासणीत दोन्ही निरोगी निघाली, लस दिली, आणि हेडबाईंनी गल्लीत पहिल्या बातमीच्या मागे दुसरी बातमी सोडली. ही पहिलीपेक्षा जोरात धावली, कारण आता त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं. महिन्याभरात मी सतरा मांजरं तपासली. परत गेलेलं कापड काकांकडे आलं. तो आटलेला ब्लाउजही आला. काकांनी दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडून तो मोठा करून दिला.

चौथ्या आठवड्यात बॉबिनचा एक्स-रे काढला. मी औषधांआधी काढलेला जुना आणि हा नवा शेजारी शेजारी प्रकाशावर धरले. जुन्यात छातीचा पुढचा भाग पांढराफटक होता. नव्यात तिथे काळी, स्वच्छ हवा होती. गाठ दिसत नव्हती.

आक्का पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला नेहमी आधीचंच दाखवायचे."

"म्हणजे?"

"खाली काच यायची ती आजारी माणसाची. बरा झाला की तो घरी जायचा, माझ्याकडे कशाला येईल? मला वाटायला लागलं होतं, सगळे मरतातच." त्यांनी चष्मा पदरानं पुसला. "भावाला मी सांगते. आधीचंही मीच सांगितलं होतं."

त्या रस्ता ओलांडून गेल्या. खिडकीतून मला दिसलं, काका मशीनवर होते. आक्का काहीतरी बोलल्या. काकांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या, सगळ्या, आणि मग बोलायला लागले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होते.

आणखी महिन्याभरानं गुंडीची पट्टी पुन्हा लावली. आम्ही तिघं त्या पट्टीवर वाकलो होतो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ठिपका आला नाही. मी महिन्यानं पुन्हा केली, तेव्हाही नाही. गुंडीच्या अंगानं त्याला दाबून टाकला होता. हाडांच्या आत कुठेतरी तो निजलेला असू शकतो, हे मी सांगितलं, पण तिच्या लाळेतून आता तो जात नव्हता. रीळला लस दिली आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं. गुंडी थेट जिना चढून आक्कांच्या खोलीत गेली आणि रीळच्या पोटाला टेकून झोपली. आक्कांना खाटेची जी एक कड उरली होती तीही गेली.

बॉबिनला साडेसात महिने मिळाले. हिशोबानं पाहिलं तर आम्ही धरले होते त्यापेक्षा जास्त. त्यांतले सात तो पायट्यावर झोपला. मग पुन्हा श्वास चढला, पाणी भरलं, आणि दुसरी औषधं लागू पडेनात. एक दिवस दुपारी काकांनी मला दुकानात बोलावलं. त्यांनी बेतायचं टेबल मोकळं केलं होतं, त्यावर मऊ फलालीन घातलं होतं, आणि त्यावर बॉबिन उन्हाच्या पट्ट्यात पडला होता.

"बस झालं, डॉक्टर," ते म्हणाले. "आता हा दमतोय."

मी आधी झोपेचं इंजेक्शन दिलं. काकांचा हात त्याच्या डोक्यावर होता आणि आक्कांचा पाठीवर, हातमोज्यांशिवाय. त्याला काहीही कळलं नाही. नंतर काकांनी मशीनचं झाकण लावलं आणि दुकान दोन दिवस बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा एक मुलगी शाळेचा गणवेश घेऊन उभी होती. तो त्याच संध्याकाळी शिवून झाला.

बॉबिन गेल्यावर आक्कांनी एक नवीन काम सुरू केलं. मी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या मांजरांच्या काचांवर किंवा पट्ट्यांवर काही वाईट दिसलं होतं त्या सगळ्यांचे फोन नंबर त्यांनी माझ्या रजिस्टरमधून उतरवून घेतले. दर शुक्रवारी, काचा संपल्या की, त्या फोन करतात.

"मी दवाखान्यातून बोलते. तुमच्या मांजराची काच मी पाहिली होती. आता कसं आहे?"

आधी लोक गोंधळायचे. काहींना वाटायचं काहीतरी राहिलंय. आता ओळखतात. एका आजोबांचं मांजर जाऊन सहा महिने झाले, तरी ते म्हणाले, शुक्रवारचा फोन बंद करू नका. आक्का त्यांना करतात आणि मांजर सोडून सगळ्या विषयांवर बोलतात.

गेल्या शुक्रवारी मी बाजूला बसले होते. फोन बेकरीवाल्याला होता. त्याचा बोका गल्लीतला पैलवान, भांडणात चावा बसून दुसराच विषाणू अंगात आलेला, माणसांतल्या एड्सच्या विषाणूचा चुलतभाऊ. अंगाचा पहारा ढिला पाडणारा. बेकरीवाला तेव्हा त्याला इंजेक्शननं कायमचं झोपवायला घेऊन आला होता. आक्का आतल्या खोलीतून बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, काच स्वच्छ आहे, याला घरात ठेवा, भांडू देऊ नका, जखम झाली तर लगेच आणा, वर्षानुवर्षं जगेल. त्याला चार वर्षं झाली.

"काय म्हणतो पैलवान?" आक्कांनी विचारलं. फोन त्यांनी मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"उंबरठा ओलांडत नाही, भट्टीजवळ पडून असतो," पलीकडून आवाज आला. "जाड झालाय. जिना चढताना दम लागतो. पण तो तर मलाही लागतो, आक्का."

"दोघांनी चालत जा थोडं," आक्का म्हणाल्या. "घरातल्या घरात." आणि पुढचा नंबर लावला.